प्राणवायूची मात्रा

वॉशिंग्टन शहरातलं गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटल. साल १९५१. रात्र चढली, डॉक्टर घरी गेले, की कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षातल्या काही वयस्क परिचारिका एकेका काचेच्या पेटीपाशी जात आणि ऑक्सिजनची चावी हलकेच थोडी जास्त फिरवत. पहाटे पाळी संपायच्या आत ती चावी पुन्हा पहिल्या जागी आणून ठेवत. कुणाला कळू नये एवढीच त्यांची काळजी असे.

या बायकांच्या मनात पाप नव्हतं. त्या कक्षात एक प्रयोग चालू होता. आर्नॉल पॅट्झ नावाचा जेमतेम तिशी गाठलेला नेत्रतज्ज्ञ बाळांचे दोन गट करून पाहत होता. एका गटाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरपूर ऑक्सिजन मिळत होता, दुसऱ्याला गरजेपुरताच. अनुभवी परिचारिकांच्या दृष्टीनं हा सरळसरळ बाळांचा श्वास कोंडण्याचा प्रकार होता. पॅट्झनं सरकारी संशोधन संस्थेकडे पैसे मागितले, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी नकार दिला. शेवटी त्यानं आपल्या भावाकडून पैसे उसने घेतले.

आपल्या भाषेत ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतात. ज्याच्या नावातच प्राण आहे, तो देताना हात आखडता घ्यायचा, ही कल्पना त्या परिचारिकांना जितकी क्रूर वाटली असेल तितकीच आपल्यालाही वाटली असती. पण वैद्यकात आणखी एक शब्द आहे: मात्रा. औषध कोणतं आहे यापेक्षा ते किती दिलं, यावर पुष्कळदा सारं ठरतं. प्राणवायूलाही मात्रा असते, हे समजायला विसाव्या शतकात हजारो मुलांचे डोळे गेले. आणि ती मात्रा नेमकी कुठे मोजायची, पेटीत, रक्तात की थेट मेंदूत, हा शोध त्यानंतर सत्तर वर्षं चालला आणि अजून संपलेला नाही.

गुलाबी बाळ

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ श्वास सरळ घेत नाही. चार-पाच श्वास भराभर घेतं, मग काही सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ ज्युलियस हेस यांनी १९३४ मध्ये अशा बाळांसाठी ऑक्सिजन देणारी खास पेटी तयार केल्याचं लिहिलं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की हवेतला ऑक्सिजन ७० टक्क्यांपर्यंत नेला तर बाळाचा तुटक श्वास एकसारखा होतो. आपण श्वासातून घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. एकसारखा श्वास म्हणजे निरोगी श्वास, असा अर्थ सगळ्यांनी काढला. तो अर्थ बरोबर आहे का, हे कुणी तपासलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट बंद होणाऱ्या, पारदर्शक भिंतींच्या नव्या पेट्या आल्या. जुन्या पेट्यांच्या फटींतून ऑक्सिजन निसटून जाई. नव्या पेट्यांत तो टिकून राहू लागला. श्रीमंत देशांतल्या चांगल्या रुग्णालयांत बाळं दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे दाट ऑक्सिजनमध्ये निजू लागली. ती गुलाबी दिसत. मोजमापाचं साधन म्हणजे परिचारिकेची नजर. ओठ निळे दिसले तर चावी वाढवायची, गुलाबी असले तर तशीच राहू द्यायची. गुलाबी बाळाला ऑक्सिजन फार होतोय का, हे सांगणारी खूण मात्र त्वचेवर कुठेच उमटत नाही. कमतरतेचा रंग निळा असतो, अतिरेकाला रंगच नसतो.

भिंगामागचा पांढरा पडदा

फेब्रुवारी १९४१ मध्ये बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट क्लिफर्ड यांना एका मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे डोळे विचित्र वाटले. नजर कुठेच ठरत नव्हती आणि बाहुलीमागे करडा-पांढरा थर दिसत होता. त्याच शहरातले नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशी आणखी बाळं पाहिली आणि १९४२ मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. डोळ्याच्या भिंगामागे तंतूंचं जाळं माजलं होतं आणि दृष्टिपटल ओढलं जाऊन सुटलं होतं. या आजाराला ग्रीक-लॅटिन मुळांतून ‘रेट्रोलेंटल फायब्रोप्लेझिया’ असं नाव पडलं, म्हणजे भिंगामागची तंतूवाढ. आज आपण त्याला आर.ओ.पी. म्हणतो. टेरी १९४६ मध्येच वारले. आपण ज्याला एक दुर्मिळ विकृती समजत होतो ती साथ निघेल, हे त्यांना पाहावं लागलं नाही.

कारण ती साथच होती. जंतू नसलेली साथ. १९४२ नंतरच्या बारा वर्षांत जगभरातली सुमारे १०,००० बाळं या आजारानं आंधळी झाली, त्यांतली जवळपास ७,००० एकट्या अमेरिकेतली. १३ मे १९५० रोजी मिशिगन राज्यात सॅगिनॉ इथे जन्मलेलं असंच एक बाळ पुढे जगप्रसिद्ध गायक झालं: स्टीव्ही वंडर. बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हा आजार गरीब रुग्णालयांत कमी आणि उत्तम सोयींच्या रुग्णालयांत जास्त होता. बॉस्टनमध्ये लिओना झकरायस आणि एव्हरेट किन्सी यांनी १९४९ मध्ये रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या. लोह, पाण्यात मिसळणारी जीवनसत्त्वं आणि ऑक्सिजन या तिन्हींवर संशय जात होता, कारण ही तिन्ही एकाच काळात वाढली होती. गाईचं दूध, प्रखर उजेड, आईचे आजार, ई जीवनसत्त्वाचा अभाव अशा पन्नासहून अधिक कारणांवर बोट ठेवलं गेलं.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलात तरुण डॉक्टर विल्यम सिल्व्हरमन यांनी ए.सी.टी.एच. हे संप्रेरक देऊन पाहिलं. ३१ बाळांपैकी २५ चांगल्या नजरेनिशी घरी गेली. शेजारच्या दुसऱ्या रुग्णालयात ते न दिलेल्या सातांपैकी सहा बाळं आंधळी झाली होती. एवढा पुरावा पाहून कुणीही औषध सापडलं असं जाहीर केलं असतं. सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र चिठ्ठ्या टाकून बाळांचे दोन गट केले आणि एका गटाला औषध न देता वाट पाहिली. निकाल उलटा लागला. औषध घेतलेल्यांपैकी एक तृतीयांश आंधळी झाली, न घेतलेल्यांपैकी एक पंचमांश, आणि औषधाच्या गटात जंतुसंसर्गानं मृत्यूही जास्त झाले. मूळच्या ३१ पैकी बहुतेक बाळं औषधाशिवायही बरी होणारच होती. सिल्व्हरमन हा धडा आयुष्यभर विसरले नाहीत. १९८० मध्ये त्यांनी या साऱ्या प्रकरणावर एक पुस्तक लिहिलं आणि ते आजही नवजात बालकांच्या डॉक्टरांना वाचायला सांगितलं जातं.

ज्यांना परवडत नव्हतं ते वाचले

पहिला खरा धागा ऑस्ट्रेलियात हाती लागला. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल तीन संस्थांतल्या बाळांकडे पाहत होत्या. एका संस्थेत नव्या पद्धतीप्रमाणे ऑक्सिजन मुबलक दिला जाई. दुसरीकडे त्याचे पैसे आईबापांना भरावे लागत, म्हणून तो जपून वापरला जाई. १९५१ च्या जुलैमध्ये त्यांनी आकडे छापले: मुबलक ऑक्सिजनच्या संस्थेत १९ टक्के बाळांना आजार, जपून वापरणाऱ्या ठिकाणी ७ टक्के. आईबापांची गरिबी काही बाळांचे डोळे राखून गेली होती. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या डॉ. मेरी क्रॉस यांनाही हेच दिसलं. १९४८ मध्ये तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, रुग्णालयांच्या हातात पैसा आला, नवी यंत्रं आली आणि पाठोपाठ आंधळी बाळंही.

या दोघींनी जे पाहिलं त्याला पुरावा म्हणायला मन धजत नव्हतं, कारण संस्था वेगळ्या, माणसं वेगळी, काळ वेगळा. एकाच छताखाली, एकाच वेळी तुलना हवी होती. गॅलिंजरमध्ये पॅट्झ आणि त्याचे बालरोगतज्ज्ञ सहकारी तेच करत होते. १९५२ मध्ये त्यांनी निकाल छापला. भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या २८ बाळांपैकी ७ जणांना तीव्र आजार झाला, आवरून दिलेल्या ३७ पैकी एकालाही नाही. रात्रीच्या त्या चोरट्या मायेनंतरही फरक एवढा ठळक होता.

तरीही एका रुग्णालयाचे आकडे थोडे होते. १ जुलै १९५३ पासून अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी हाती घेतली. किन्सी तिचे सूत्रधार होते. पहिल्या तीन महिन्यांत दर तीन बाळांपैकी एकाला जुन्या रिवाजाप्रमाणे ऑक्सिजन द्यायचा, दोघांना आवरून, आणि त्यानंतर सगळ्यांनाच आवरून. सप्टेंबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला नेत्रतज्ज्ञांच्या सभेत निकाल जाहीर झाला. ऑक्सिजन आवरला की कायमचा व्रण उरणाऱ्या आजाराचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटत होतं. दोन गटांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नव्हता.

त्याच सुमारास लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून आतली यंत्रणा दाखवली. गर्भात बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन आपल्यापेक्षा कितीतरी कमी असतो, आणि त्या कमीपणाच्या हाकेवरच दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात. पूर्ण दिवस भरेतो त्या कडेला पोचतात. बाळ लवकर जन्मलं आणि त्याच्याभोवती दाट ऑक्सिजन भरला, की ती हाक थांबते. नाजूक वाहिन्या आक्रसतात, मिटून जातात. पुढे काही आठवड्यांनी कडेचं दृष्टिपटल उपाशी राहून आकांत करतं, आणि त्या आकांतातून नव्या वाहिन्या नको तशा, नको तिथे माजतात. त्यांतून रक्त झिरपतं, व्रण धरतो आणि दृष्टिपटल ओढून सोडवतो. गर्भातला अंधार आणि अल्प प्राणवायू ही उणीव नव्हती. तोच डोळा घडवण्याचा निसर्गाचा रिवाज होता.

१९५६ मध्ये पॅट्झला वैद्यकातला लास्कर पुरस्कार मिळाला. तो अंध लेखिका हेलन केलर यांच्या हातून त्याला दिला गेला.

दुसरा काठ

गोष्ट इथे संपली असती तर ती विजयाची झाली असती. जगभर फर्मान निघालं: ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या वर नको. आंधळेपण झपाट्यानं ओसरलं. पण १९६० मध्ये मेरी एलन एव्हरी आणि एला ओपनहायमर यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या शवचिकित्सांच्या नोंदी पाहून लिहिलं, की फुप्फुसं न उघडण्याच्या आजारानं मरणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं आहे. १९६३ मध्ये ब्रिटनच्या ॲलिसन मॅकडॉनल्ड यांना कमी ऑक्सिजन मिळालेल्या छोट्या बाळांत सेरेब्रल पाल्सी जास्त आढळली. १९७३ मध्ये लंडनच्या केनेथ क्रॉस यांनी पहिल्या दिवशीच्या मृत्यूंचा हिशोब मांडला आणि वैद्यकविश्व हादरलं. त्यांच्या अंदाजानं आंधळेपणातून वाचवलेल्या प्रत्येक बाळामागे सुमारे १६ बाळं मेली होती.

चूक कुठे झाली? १८ रुग्णालयांच्या त्या चाचणीत बाळांना जन्मानंतर ४८ तास उलटल्यावरच सामावून घेतलं होतं. पहिल्या दोन दिवसांत, जेव्हा फुप्फुसांचा खरा झगडा चालतो आणि बहुतेक मृत्यू होतात, तेव्हाचा ऑक्सिजन कुणी तपासलाच नव्हता. निष्कर्ष मात्र जन्माच्या पहिल्या मिनिटापासून लागू केला गेला. अति दिल्यानं डोळे गेले होते, आता अति आवरल्यानं जीव जात होते. दोन्ही वेळा हेतू शुद्ध होता.

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला. वजन दोन किलोहून थोडं जास्त, म्हणजे आजच्या हिशोबानं फारसं नाजूक बाळही नव्हे. बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्याला उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या कोठडीतही ठेवून पाहिलं. ३९ तासांनी फुप्फुसांच्या त्याच आजारानं तो गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या मुलाच्या शरीरात प्राणवायू किती पोचतोय हे क्षणोक्षणी सांगणारं यंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

हवेतून रक्तात, रक्तातून त्वचेवर

४० टक्क्यांचा नियम मुळातच एका गफलतीवर उभा होता. तो पेटीतल्या हवेला लागू होता, बाळाला नाही. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये बनवलेलं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र बाळांच्या पेट्यांसाठी वापरात आलं होतं, पण ते हवाच मोजत होतं. फुप्फुसं धडधाकट असलेल्या बाळाला ४० टक्केसुद्धा फार होतात. फुप्फुसं चिकटलेल्या बाळाला ८० टक्केही पुरत नाहीत. माठात पाणी किती आहे हे पाहून घरातल्या कुणाची तहान किती भागली हे कसं कळणार?

रक्तातलं मोजण्याची वाट अमेरिकेत ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावात निघाली. लेलँड क्लार्क यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र बनवलं होतं, पण बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे ते सांगू शकत नव्हते, म्हणून त्यांचा लेख परत आला. त्या जिद्दीतून ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी प्लॅटिनमच्या बारीक तारेवर पॉलिइथिलीनचा पातळ पडदा ताणून एक विद्युतअग्र तयार केलं. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपे, रक्तातला गाळ बाहेर राही. आंधळेपणाच्या चाचणीचा निकाल लागल्यानंतर महिनाभरातच हे घडलं, हा निव्वळ योगायोग, पण मोठा बोलका. जॉन सेव्हरिंगहाउस यांनी पुढे तेच अग्र बसवून रक्तातले वायू मोजणारं यंत्र उभं केलं. बाळाच्या नाळेतल्या धमनीत बारीक नळी घालून थेंबभर रक्त काढायचं आणि त्यातल्या ऑक्सिजनचा दाब मोजायचा, असा शिरस्ता साठच्या दशकाच्या अखेरीपासून रुळला.

पण थेंब एका क्षणाचा असतो. आणि आठशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी सत्तर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढं. किती वेळा काढणार? १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये रेनाटे आणि आल्बर्ट हुख या दांपत्यानं डिट्रिख ल्युबर्स यांच्यासह क्लार्कचंच अग्र त्वचेवर चिकटवलं आणि ते ४३-४४ अंशांपर्यंत तापवलं. उबेनं त्वचेखालच्या केशवाहिन्या फुलत आणि ऑक्सिजन त्वचेतून वर झिरपे. सुईशिवाय, सलग, दिवसरात्र वाचन मिळू लागलं. बाळाच्या पातळ कातडीवर लाल गोल डाग पडत, म्हणून दर काही तासांनी अग्राची जागा बदलावी लागे.

या सलग रेषेनं डॉक्टरांना पहिल्यांदाच आरसा दाखवला. अमेरिकेच्या व्हरमाँटमध्ये जेरोल्ड ल्यूसी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लिहिलं, की बाळाचा ऑक्सिजन पुष्कळदा आपल्याच हाताळणीनं खाली जातो. कूस बदलली, नळी साफ केली, टाचेला टोचलं, की रेषा घसरते. बाळाला निवांत पडू देणं हाही उपचार आहे, हे आजी-पणजींना ठाऊक असलेलं शहाणपण यंत्राच्या कागदावर उमटलं.

नाडीतला गोंगाट

तिसरी वाट जपानमधून आली. तोक्योच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून रक्तात मिसळलेल्या रंगाचं प्रमाण मोजत होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यांची रेषा थरथरे आणि मोजमाप बिघडे. ती थरथर घालवण्यासाठी ते दोन रंगांच्या प्रकाशाची तुलना करू लागले आणि ध्यानात आलं, की ऑक्सिजन कमी झाला तर तुलना चुकते. म्हणजे त्या थरथरीतच ऑक्सिजनचं माप दडलं होतं. ठोक्यासरशी आत येतं ते धमनीतलं ताजं रक्त, आणि त्याचा लालपणा मोजता येतो. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडलं. ऐंशीच्या दशकात पल्स ऑक्सिमीटर जगभर पोचला आणि तापवलेल्या अग्राची जागा त्यानं घेतली.

महाराष्ट्रातल्या घरांत कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, बोटाला लावायचा हा चिमटा थर्मामीटरसारखा टेबलावर येऊन बसला. ‘सॅच्युरेशन किती?’ हा प्रश्न फोनवरच्या खुशालीचा भाग झाला. त्याच साथीच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी वारले.

बाळांच्या बाबतीत मात्र या चिमट्यालाही मर्यादा आहे. ऑक्सिजन लावलेल्या बाळात आकडा १०० वर टेकला, की रक्तातल्या ऑक्सिजनचा खरा दाब शंभर आहे की तीनशे, हे तो सांगू शकत नाही. म्हणून आकडा वरच्या टोकाला जाऊच द्यायचा नाही, असं ठरलं. पण किती खाली ठेवायचा? अमेरिकेतल्या १,३१६ बाळांच्या चाचणीत ८५ ते ८९ आणि ९१ ते ९५ अशा दोन पट्ट्यांची तुलना झाली. २०१० मध्ये निकाल आला. खालच्या पट्ट्यात डोळ्यांचा तीव्र आजार ८.६ टक्के, वरच्या पट्ट्यात १७.९ टक्के. पण मृत्यू खाली १९.९ टक्के, वर १६.२ टक्के. पुढे अनेक देशांतल्या अशाच चाचण्या एकत्र करून ४,९६५ बाळांचा हिशोब झाला, तेव्हाही कौल तोच राहिला. म्हणून आज सर्वसाधारणपणे ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवा, असं सांगितलं जातं. डोळ्यांवर लेझर चालवता येतो, इंजेक्शन देता येतं. गेलेलं बाळ परत आणता येत नाही. १९५० चं कोडं साठ वर्षांनीही सुटलं नव्हतं. दोन काठांमधली वाट फक्त नीट आखली गेली होती.

कवटीतून आरपार

पल्स ऑक्सिमीटर धमनीतलं सांगतो, म्हणजे पेशींच्या दाराशी गाडीत किती माल आला ते. दारातून आत किती उतरवला गेला आणि घराची गरज किती होती, हे त्याला दिसत नाही. बाळाचा रक्तदाब पडला, रक्तातलं हिमोग्लोबिन घटलं, किंवा श्वासयंत्रानं कार्बन डायऑक्साइड फार धुऊन काढला आणि त्यामुळे मेंदूच्या वाहिन्या आवळल्या, तर बोटावरचा आकडा ९३ दिसत असतानाही मेंदू उपाशी असू शकतो. आणि कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

या प्रश्नाचं दार अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका चपट्या हाडानं उघडलं. फ्रान्स योब्सिस यांनी मांसाच्या तुकड्यातलं खांद्याचं पातळ हाड दिव्यासमोर धरलं आणि त्यातून लालसर उजेड आरपार येताना पाहिला. लाल येतो तर त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी सहज जाईल, आणि हाडाआडच्या रक्ताचा रंग वाचता येईल. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी हे सिद्ध करून छापलं. कमी दिवसांच्या बाळाची कवटी तर कागदासारखी. १९८५ मध्ये ड्यूकच्याच जेन ब्रेझी यांनी मुदतपूर्व बाळांच्या मेंदूतली पहिली निरीक्षणं प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन वायट, डेव्हिड डेल्पी, ऑस्मंड रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी आजारी नवजात बाळांच्या मेंदूतला ऑक्सिजन आकड्यांत मांडून दाखवला.

आज कपाळावर एक मऊ पट्टी चिकटवतात. तिच्यातून निघालेला प्रकाश मेंदूत दोन-एक सेंटिमीटर खोल जाऊन परत येतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यातून जो आकडा येतो तो धमनीचा नसतो, ऊतीतल्या सगळ्या रक्ताचा असतो, आणि त्यात परतणाऱ्या शिरांचा वाटा मोठा. म्हणून पट्टीचा आकडा बोटावरच्यापेक्षा बराच खाली, ५५ ते ८५ च्या दरम्यान, असणं हेच ठीक. आला किती आणि वापरला किती, या दोन्हींचं मिळून ते उत्तर असतं.

डेन्मार्कचे गोर्म ग्रायसेन आणि युरोपभरचे सहकारी यांनी या पट्टीला खरी कसोटी लावली. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या १६६ बाळांवर आठ देशांत पहिली चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला: पट्टी पाहून उपचार केले तर मेंदूच्या उपासमारीचा भार निम्म्याहून कमी होतो. सगळ्यांना आशा वाटली. मग १७ देशांतल्या १,६०१ बाळांवर मोठी चाचणी झाली. जन्मापासून सहा तासांच्या आत पट्टी लावायची आणि ७२ तास तिच्या आधारे उपचार करायचे. एप्रिल २०२३ मध्ये निकाल छापला गेला. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा पट्टीच्या गटात ३५.२ टक्के, नेहमीच्या देखरेखीच्या गटात ३४ टक्के. फायदा दिसला नाही.

हा निकाल वाचताना मला त्या शास्त्रज्ञांबद्दल आदरच वाटला. चार दशकांचं स्वप्न होतं. आकडा सुधारला होता, पण बाळ सुधारलं का, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही आणि मिळालेलं उत्तर लपवलं नाही. १९४२ मध्ये श्वास एकसारखा झाला तेव्हाच कुणी हा प्रश्न विचारला असता तर? पट्टी निकामी ठरली असंही नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि गुंतागुंतीच्या बाळांत डॉक्टर तिच्याकडे आजही पाहतात, संशोधन चालू आहे. पण मोजता आलं म्हणजे काय करायचं हे कळलं, असं नाही, हा धडा यावेळी बाळांचे डोळे न घेता मिळाला.

आपल्या दारात

ही सारी कथा परदेशातली. पण तिचा आजचा अंक आपल्याकडे चालू आहे. भारतात २०२० मध्ये सुमारे ३० लाख बाळं मुदतीआधी जन्मली, म्हणजे जगातल्या अशा जन्मांच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जिल्हा रुग्णालयांतून नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले. जी बाळं पूर्वी जगत नव्हती ती जगू लागली. आणि त्याबरोबर आर.ओ.पी.ही आला. पॅट्झच्या काळात जे अमेरिकेत झालं तेच: जीव वाचवण्याची ताकद आधी पोचते, मात्रा मोजण्याची सोय मागून. जिथे हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणारं ब्लेंडर नसतं, तिथे बाळाला पुष्कळदा शुद्ध ऑक्सिजनच मिळतो. म्हणूनच श्रीमंत देशांत ज्या वजनाच्या बाळांना हा आजार सहसा होत नाही, तशा दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही तो आपल्याकडे होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली आणि त्याच्या तपासणीच्या यादीत या आजाराला जागा मिळाली. भारतातला नियम साधा आहे. बाळ ३४ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी. २८ आठवड्यांआधीचं किंवा १,२०० ग्रॅमहून लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत पकडलेल्या आजारावर लेझर चालतो. डोळ्यांच्या आजारांवर लेझर वापरण्याचा पाया घालणाऱ्यांत गॅलिंजरचा तोच आर्नॉल पॅट्झ होता. अडचण एवढीच, की याच तीस दिवसांत बाळ कक्षातून घरी जातं. वजन वाढतंय, दूध पितंय, रंग गुलाबी आहे. आईला वाटतं, संकट टळलं. डोळे बाहेरून स्वच्छ दिसतात आणि तारीख निघून जाते.

गॅलिंजरच्या परिचारिका मला पुन्हा पुन्हा आठवतात. त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. समोर निळसर होणारं बाळ आणि हाताशी चावी, यापलीकडे त्यांना कुणी काहीच दिलं नव्हतं. आजच्या जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरच्या हातीही चावी तीच आहे. पण तिच्यासमोर ९० आणि ९५ चे आकडे आहेत, वर गेल्यावर वाजणारी घंटा आहे. बाळ गुलाबी दिसत असताना, आजी ‘असू द्या ना थोडा जास्त’ म्हणत असताना, घंटा वाजली म्हणून ती ऑक्सिजन कमी करते आणि घरी जाणाऱ्या आईच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लाल पेनानं लिहिते. पुढे ते मूल पाटीवर पहिलं अक्षर गिरवील, तेव्हा या सिस्टरचं नाव कुणाच्या लक्षात नसेल. ते अक्षर त्याला दिसत असेल.